आंबट पाण्याला राखेचा उतारा

(आमच्या रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं हे भाषण. वाचायला सोपं जावं म्हणून मधले मथळे नंतर घातले आहेत.)

 

आज आपण खाणीतल्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे खाण कुठे? आपल्याकडे केळीचे बाग, वर सातपुडा आणि दरवर्षी खोल जाणाऱ्या विहिरी. खरं आहे, सावद्याच्या आसपास कोळशाची खाण नाही. पण भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते ती कोळशावर. तो कोळसा विदर्भातल्या आणि इतर राज्यांतल्या खाणींतून रेल्वेने येतो, भट्टीत जळतो आणि मागे राखेचे डोंगर ठेवतो. केळीला पाणी देणारी मोटार, घरातला दिवा, पिठाची गिरणी या सगळ्यांचं एक टोक अशा कुठल्या तरी खाणीत आहे. कोळसा निघून गेल्यावर त्या खाणीशेजारच्या गावात काय उरतं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

दुसरं कारण अगदी घरचं आहे. गटाच्या बैठकांमध्ये राखेबद्दल दोन प्रकारची वाक्यं ऐकू येतात. एक बाई म्हणते, “ही राख म्हणजे विष आहे.” दुसरी म्हणते, “अगं, राख जमिनीला औषध आहे, फुकट मिळतेय तर टाकून घ्या.” दोघींच्या बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. कुठे विष आणि कुठे औषध, हे कळायचं असेल तर आधी खाणीचं पाणी समजून घ्यावं लागेल.

पाणी आंबट होतं कसं

कोळशाच्या थरात आणि त्याच्या आजूबाजूच्या दगडात पायराइट नावाचं खनिज असतं. लोखंड आणि गंधक यांचं ते बनलेलं. दिसायला सोन्यासारखं पिवळं, चमकदार. जुन्या काळी लोक त्याला सोनं समजून फसायचे. जमिनीच्या पोटात हवा पोहोचत नाही, तोवर ते लाखो वर्षं निमूट पडून राहतं. खाण खणली की दगड फुटतो, हवा आत जाते, पावसाचं पाणी झिरपतं. मग त्यातल्या गंधकाचं गंधकाम्ल होतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीत असतं तेच अॅसिड. काही सूक्ष्म जीव याच लोखंडावर जगतात, ते हे काम कितीतरी पट वेगाने करतात.

आता हे आंबट पाणी दगडातून वाहताना काय करतं, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. काळा पडलेला तांब्याचा हंडा आपण चिंचेने घासतो, तेव्हा चिंचेची आंबटाई तांब्यावरचा थर विरघळवून घेते. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, कारण आंबट ताक पितळेतलं तांबं ओढून घेतं. असं ताक आपण कुणाला पिऊ देत नाही. खाणीचं आंबट पाणी म्हणजे डोंगराएवढ्या भांड्यात कळकलेलं ताक समजा. त्यात लोखंड उतरतं, मँगनीज आणि अॅल्युमिनियम उतरतं, कधी जस्त, तांबं, कॅडमियमही.

आणि गंमत अशी की हे पाणी पुष्कळदा अगदी नितळ दिसतं. पुढे ते ओढ्याच्या चांगल्या पाण्यात मिसळलं की आंबटपणा कमी होतो आणि विरघळलेलं लोखंड गंजासारखं खाली बसतं. ओढ्याचा तळ केशरी चिखलाने लिंपून निघतो. त्याखाली शेवाळ, किडे, गोगलगायी गुदमरतात. त्यांच्यावर जगणारे मासे मग आपोआप संपतात.

खाण चालू असते तोवर पंप लावून पाणी उपसत राहतात. खाण बंद झाली की पंपही बंद. पोकळी हळूहळू भरते आणि एक दिवस पाणी वर येऊन वाहू लागतं. तोवर कंपनी गेलेली असते, कामगार गेलेले असतात, गाव मात्र तिथेच असतं. स्पेनमध्ये रिओ तिंतो नावाची नदी आहे. तिच्या काठी हजारो वर्षांपूर्वीपासून खाणकाम झालं. तिचं पाणी आजही लालभडक आणि लिंबाच्या रसाइतकं आंबट आहे. खाणीचा आंबटपणा आपोआप निवळेल म्हणून वाट बघत बसलं तर पिढ्या जातात.

सामू म्हणजे काय

मातीची तपासणी करून आणली की त्या कागदावर ‘सामू’ असा एक आकडा असतो. आंबटपणा मोजायची ती पट्टी. ७ म्हणजे ना आंबट, ना खारट-तुरट. ७ च्या खाली आम्ल, म्हणजे आंबट. वर अल्कधर्मी, म्हणजे चुन्याच्या बाजूचं. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २, दह्याचा ४ ते साडेचार, चुन्याच्या निवळीचा १२ च्या आसपास. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी १० च्या जवळपास जातं. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा, असं आपल्या देशाचं मानक आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ही पट्टी दहाच्या पटीत चालते. सामू एका अंकाने उतरला की आंबटपणा दहापट वाढतो. म्हणून सामू ३ असलेलं पाणी ७ वाल्या पाण्यापेक्षा चौपट नाही, तर दहा हजार पट आंबट असतं.

आपल्या देशात हे कुठे दिसतं

सगळ्या खाणींचं पाणी आंबट होत नाही. ज्या कोळशात गंधक जास्त, तिथे धोका जास्त. भारतातल्या बहुतेक कोळशात गंधक १ टक्क्याच्या आत असतं. मेघालय आणि आसामच्या कोळशात मात्र ते २ टक्क्यांपासून पुढे जातं. म्हणून मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांमध्ये या पाण्याने नद्यांची दशा केली. तिथली लुखा नदी हिवाळ्यात निळीशार दिसते. फोटोत ती सुंदर वाटते, पण त्या पाण्यात मासे जगत नाहीत. तिथल्या उंदराच्या बिळासारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली, त्यामागे नद्यांचं हे आंबट पाणीही एक कारण होतं.

मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ गोरबी नावाची जुनी कोळसा खाण आहे. तिच्या खड्ड्यात साठलेलं पाणी आंबट म्हणून ओळखलं जातं. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

आपल्या विदर्भात नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत. तिथे चित्र जागोजाग वेगळं आहे. काही खाणींचं पाणी इतकं बरं आहे की ते शुद्ध करून पितात. नागपूरजवळ पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी गाळून ‘कोल नीर’ नावाने बाटलीत भरलं जातं. तेव्हा खाण म्हटली की पाणी विषारीच, असं म्हणून चालत नाही, आणि दिसायला स्वच्छ आहे म्हणून ते चांगलंच, असंही म्हणून चालत नाही. प्रत्येक ठिकाणचं पाणी तपासल्यावरच कळतं.

चुन्याचा उपाय आणि त्याची अडचण

पोटात आम्ल झालं की आपण सोडा घेतो. आंबट पाण्यालाही तोच न्याय. त्यात चुना टाकला की आम्ल शमतं, सामू वर येतो, विरघळलेले धातू साका होऊन खाली बसतात. जगभर हा उपाय वर्षानुवर्षं चालू आहे आणि तो लागू पडतो.

पण चुना विकत घ्यावा लागतो. तो भाजायला इंधन जळतं. पाणी वाहत राहील तितकी वर्षं तो रोज टाकावा लागतो, त्याला माणूस लागतो, वीज लागते. बंद पडलेल्या खाणीसाठी हा खर्च पन्नास वर्षं कोण करणार? म्हणून पुष्कळ ठिकाणी पहिली काही वर्षं चुना पडतो आणि मग थांबतो.

दुसरी युक्ती म्हणजे चुनखडीच्या दगडांचा चर काढायचा आणि पाणी त्यातून जाऊ द्यायचं. ना वीज, ना माणूस. पण इथे आपल्या ओळखीची अडचण येते. आपल्या जड पाण्याने हंड्याला आतून पांढरा थर बसतो ना, तसा त्या दगडांवर लोखंडाचा गंजट थर बसतो. आत दगड शाबूत, पण पाण्याला तो भेटतच नाही. अशा वेळी चर उकरून दगड घासावे किंवा बदलावे लागतात. नाहीतर मुळात पाण्याला हवा लागू न देता ते बंद चरातून न्यावं लागतं.

टाकाऊ ते औषध

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, की खाणींनी आणि कारखान्यांनी जो कचरा करून ठेवलाय, त्यातही चुन्याच्या गुणाच्या पुष्कळ वस्तू आहेत. एक कचरा आंबट, दुसरा अल्कधर्मी. दोघांची गाठ घालून दिली तर?

सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे खाणीतलीच माती. कोळशापर्यंत पोहोचायला वरचा दगड-मुरूम काढतात, त्याचे डोंगर रचतात. खाणीच्या भागात त्याला ‘ओबी’ म्हणतात. त्या ढिगात काही दगड पायराइटवाला असतो, काही चुनखडीवाला. तो कसाही मिसळून टाकला तर आंबट पाणी पाझरतं. पण आधी तपासून, चुनखडीवाला दगड पायराइटवाल्याच्या खाली-वर आणि मधे थर देऊन रचला, तर आम्ल तयार होताहोताच शमतं. हा उपाय सगळ्यात स्वस्त, कारण तो आजार होण्याआधीचा आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात तर कोळसा आणि चुनखडी शेजारी शेजारी आहेत. राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंटचे कारखाने त्या चुनखडीवरच उभे आहेत. चुनखडी फोडताना जो बारीक चुरा वाया जातो, त्याचा अशा कामाला उपयोग होण्यासारखा आहे.

दुसरी वस्तू पोलाद कारखान्यातली मळी. तिच्यात चुना भरपूर असतो. अमेरिकेत खाणींच्या भागात अशा मळीच्या वाफ्यातून आधी चांगलं पाणी नेतात. ते पाणी मळीतला चुना घेऊन पुढे जातं आणि मग आंबट ओढ्याला मिळतं. आंबट पाणी थेट मळीवर सोडत नाहीत, कारण मघाचाच गंजाचा थर.

तिसरी वस्तू लाल चिखल. कोल्हापूरच्या डोंगरातलं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जातं, त्यातून अॅल्युमिनियमचा कच्चा माल काढतात आणि मागे लाल चिखल उरतो. तो इतका अल्कधर्मी असतो की हाताला भाजतो. ऑस्ट्रेलियात अशा चिखलाची तीव्रता समुद्राच्या पाण्याने कमी करून तो आंबट पाण्यावर वापरून पाहिला गेला. पण हीच वस्तू मोकाट सुटली तर काय होतं, तेही जगाने पाहिलंय. हंगेरीत २०१० मध्ये लाल चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला, गावात चिखल घुसला आणि दहा माणसं गेली.

चौथी वस्तू आपल्या ओळखीची, दगडी कोळशाची राख. सिंगरौलीच्या गोरबी खाणीचं नाव आपण मघाशी घेतलं. तिथल्या रिकाम्या खड्ड्यात जवळच्या विंध्याचल वीज केंद्राची राख भरण्याचं काम हाती घेतलं गेलं. राखेत थोडा चुना असतो, त्याने आंबटपणा कमी व्हायला मदत होते. खड्डा भरून निघतो. आणि राख ठेवायला नवीन शेतजमीन घ्यावी लागत नाही. ऐकायला एका दगडात तीन पक्षी. पण आपल्या देशाच्या बहुतेक कोळशाच्या राखेत चुना कमीच असतो. तामिळनाडूतल्या नेवेलीच्या लिग्नाइटच्या राखेत तो पुष्कळ असतो. म्हणून नुसत्या राखेवर विसंबून चालत नाही, तिच्या जोडीला चुना लागू शकतो. आणि राखेतून भूजलात काय उतरतंय, हे वर्षानुवर्षं मोजत राहावं लागतं.

शेणाने धुतलेला ओढा

आता एका गावाची गोष्ट. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात क्वेकिंग हाउसेस नावाचं छोटं खेडं आहे. खाणकामगारांची वस्ती. खाण बंद झाली, मातीचे ढीग राहिले. १९८० च्या दशकाच्या मध्याला त्या ढिगातून आंबट पाणी गावच्या ओढ्यात उतरू लागलं. ओढा केशरी झाला. जबाबदारी कुणाची, यावर सरकारी खात्यांची एकमेकांकडे बोटं. गावकऱ्यांनी स्वतःची एक संस्था काढली, पाठपुरावा केला आणि न्यूकॅसल विद्यापीठातल्या लोकांना गावात आणलं.

त्यांनी मिळून आधी लहानसा प्रयोग केला आणि तो जमल्यावर १९९७ मध्ये मोठं काम केलं. काय केलं? एक पाणथळ तळं बांधलं. त्याचे बांध कोळशाच्या राखेचे, दाबून पक्के केलेले. तळात भरलं घोड्याचं लीद-पेंढा, गाईचं शेण आणि शहरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट. ओढ्यात जाणारं आंबट पाणी या खतातून सावकाश झिरपू दिलं. खतात हवा नसते. तिथे राहणारे जिवाणू खत खातात आणि पाण्यातल्या गंधकाम्लाचं रूप पालटून टाकतात. आम्ल शमतं, धातू खतातच अडकतात. ब्रिटनमधलं या पद्धतीचं ते पहिलं पूर्ण आकाराचं काम मानलं जातं.

या गोष्टीत आम्हाला दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक, लागलेलं सामान: राख, शेण, लीद, कचरा. यातलं काहीच महाग नाही. दुसरी, काम सुरू झालं ते गावाने प्रश्न धरून ठेवला म्हणून. यंत्र विद्यापीठाकडे होतं, पण दहा वर्षं चिकाटी गावाकडे होती.

असंच एक काम आपल्या महाराष्ट्रातही झालंय, पाण्याचं नाही पण खाणीच्या ढिगाऱ्याचं. नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. तिथल्या उजाड ढिगांवर गवतही उगवत नव्हतं. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेतल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ढिगात साखर कारखान्याची प्रेसमड मिसळली, मुळांना मदत करणारे जिवाणू आणि बुरशी दिली आणि झाडं लावली. आज तिथे झाडी आहे. झाडी आली की पावसाचं पाणी ढिगात कमी मुरतं, माती कमी वाहते. प्रेसमड काय असते ते फैजपूरच्या साखर कारखान्यामुळे आपल्याकडे अनेकींना ठाऊक आहे. एका कारखान्याची घाण दुसऱ्या खाणीचं औषध झाली.

खाली बसलेल्या साक्याचं काय

पाणी स्वच्छ केलं की खाली केशरी साका उरतो. तो पुन्हा कचराच. पण तो असतो कशाचा? लोखंडाच्या गंजाचा. आणि आपला गेरू कशाचा असतो? त्याचाच. तुळशीवृंदावनाला, चुलीच्या ओट्याला आपण जो गेरू लावतो, त्याचा हा चुलतभाऊ. अमेरिकेत ओहायो राज्यात गाय रीफलर नावाचे अभियंते आणि जॉन साब्रॉ नावाचे चित्रकार यांनी मिळून खाणीच्या पाण्यातला हा साका धुऊन, वाळवून, भाजून त्याचे चित्रकारांसाठी रंग केले. ते रंग बाजारात विकले गेले. मिळणारा पैसा ओढा साफ करण्याच्या खर्चाला लावायचा, अशी त्यामागची कल्पना.

दक्षिण आफ्रिकेत एमालाहलेनी नावाचं कोळशाचं शहर आहे. तिथे २००७ पासून खाणींचं आंबट पाणी शुद्ध करून शहराला पिण्यासाठी दिलं जातं. त्यातून निघणाऱ्या जिप्समपासून बांधकामाचं सामान करून काही घरंही उभी केली गेली. आपल्या नागपूरकडे ओबीच्या ढिगातून वाळू वेगळी काढून घरकुलांना दिली गेली, तीही याच वाटेवरची गोष्ट. पण अशी प्रत्येक वस्तू वापरण्याआधी तिच्यात शिसं, आर्सेनिक किती आहे ते तपासावंच लागतं. गेरू दिसतो म्हणून खाणीचा साका चुलीला लावायचा नाही.

मग राख आपल्या शेतात टाकायची का

आता मघाच्या दोन बायांच्या वादाकडे येऊ.

गोरबीला राख औषध ठरू शकते, कारण तिथला आजार आंबटपणाचा आहे. आपला आजार तो नाही. तापीकाठची काळी जमीन आधीच चुन्याच्या बाजूची आहे. तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या मध्ये असतो. पुढे पूर्णाकाठचा खारपाणपट्टा तर याहून अवघड. अशा जमिनीत आणखी अल्कधर्मी वस्तू घालणं म्हणजे थंडी वाजणाऱ्याला पंख्याखाली झोपवणं.

केळीची नवी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात, त्याला आपण केवडा म्हणतो. पुष्कळदा जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू जास्त असल्यामुळे ते कुलूपबंद असतं. झाडाला मिळत नाही. बघा, नियम एकच आहे. खाणीत सामू फार उतरला म्हणून लोखंड सुटून ओढ्यात गेलं. आपल्या शेतात सामू चढला म्हणून लोखंड अडकून बसलं. खाणीला हवा चुना, आपल्या काळ्या जमिनीला हवं शेणखत, हिरवळीचं खत, आणि तपासणीत निघेल ते.

तुम्ही म्हणाल, चुलीची राख तर आमच्या सासवा वाफ्यात टाकायच्या. टाकायच्या, आणि ती वेगळी. ती लाकडाची. तिच्यात झाडाने घेतलेलं पालाश असतं, आणि सूपभर टाकली जायची. दगडी कोळशाची राख ट्रॉलीने येते. तिच्यात मुख्यतः वाळू-मातीचे अंश असतात आणि थोड्या प्रमाणात बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम, शिसं असू शकतं. आर्सेनिकसारखे काही पदार्थ असे आहेत की अल्कधर्मी पाण्यातही ते सुटतात. म्हणजे सामू चढवला की सगळे विषारी अंश बसले, असं नसतं.

लाल आंबट जमिनीत, ठरलेल्या मात्रेत राखेचा फायदा होऊ शकतो. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२१ ला राखेबद्दल जो नियम काढला, त्यात वीज केंद्रांनी सगळी राख उपयोगात आणली पाहिजे असं आहे. सिमेंट, विटा, रस्ते, खाणीतल्या पोकळ्या भरणं, असे उपयोग त्यात दिलेत. शेतीचाही उल्लेख आहे, पण तो माती तपासून आणि मर्यादेत. ‘माती तपासून’ हे शब्द राखेची ट्रॉली बांधावर येते तेव्हा कुणी उच्चारत नाही. ते आपण उच्चारायचे.

राख ठेवतानाही जोखीम असते. सुकली की वाऱ्याने उडते, छातीत जाते. ओली असली की बांधावर भिस्त. सिंगरौली जिल्ह्यात एप्रिल २०२० मध्ये राखेच्या तळ्याचा बांध फुटला, शेतं राखेखाली गेली आणि माणसं दगावली. म्हणून राखेची सिमेंटात, विटेत, रस्त्यात सोय लागली तर चांगलंच. ती कुठल्याही नाल्यात, पडक्या विहिरीत, खदानीत ओतली तर मात्र ती सोय नव्हे, ते संकट दुसऱ्याच्या दारात ढकलणं.

आपण काय करू शकतो

पहिलं, पाणी तपासायला शिकू. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावच्या त्या पाच जणी कोण, हे गटात विचारा. पेटी कुणाच्या घरी बंद पडून असेल तर बाहेर काढा. सामू त्या पेटीत तपासता येतो. आर्सेनिक, शिसं यांसारख्या गोष्टींसाठी मात्र नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. ग्रामपंचायतीमार्फत तो पाठवता येतो.

दुसरं, मातीचा अहवाल वाचायला शिकू. बहुतेक घरांत तो कपाटात असतो. त्यावरचा सामू बघा. साडेसातच्या वर असेल तर राखेच्या ट्रॉलीला सरळ नाही म्हणा.

तिसरं, राख कुठे टाकली जातेय यावर ग्रामसभेत चार प्रश्न विचारा. ही राख कुणाची? टाकायची परवानगी कुणी दिली? जवळच्या विहिरीचं पाणी आधी तपासलं का? आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा कोण तपासणार? उत्तर लेखी मागा. आधीचा आकडा हाती नसेल, तर पाणी नंतर बिघडलं हे सिद्ध करता येत नाही.

गटात करून पाहा

लाल जास्वंदीच्या पाकळ्या पांढऱ्या कागदावर घासा. कागद जांभळट होईल. त्यावर एकीकडे लिंबाचा थेंब टाका, दुसरीकडे चुन्याच्या निवळीचा. लिंबाकडे गुलाबी-लाल होईल, चुन्याकडे हिरवट. हळदीचा कागद करून त्यावर चुलीच्या राखेचं पाणी टाकून बघा, लालसर होईल. हळदीत चुना घालून कुंकू होतं, ते याच गुणाने. मग एका पेल्यात लिंबाचं पाणी घेऊन त्यात चमचा-चमचा राखेचं पाणी घाला आणि दर वेळी जास्वंदीच्या कागदावर थेंब टाका. रंग बदलत जाताना दिसेल. खाणीच्या पाण्यावर राख काय करते, ते तुमच्या डोळ्यांसमोर होईल. हा खेळ समजून घेण्यापुरता आहे; पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे त्यावरून ठरवू नका.

मग या तीन प्रश्नांवर बोला:

१. आपल्या गावात अशी कुठली वस्तू आहे, जी एका ठिकाणी कचरा आणि दुसऱ्या ठिकाणी कामाची ठरते? ती कामाची आहे हे आपण कशावरून म्हणतो?

२. आपल्या गावाजवळच्या सगळ्यात जुन्या विहिरीच्या पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल कधीचा आहे?

३. आपल्यासाठी कोळसा काढलेल्या गावच्या बाईचं पाणी बिघडलं, तर तिच्यासाठी आवाज उठवणं हे आपलं काम आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर गटात एकमत होईलच असं नाही. होऊ नये असंही नाही. तुमच्या गटात काय बोलणं झालं, ते आम्हाला लिहून किंवा आवाजात भरून पाठवा. पुढच्या वेळी आपण केळीच्या खुंटापासून धागा कसा निघतो, त्याबद्दल बोलू. तोवर रामराम.